मोर्चासारखी काढलेली मिरवणूक

फौजीच्या बायकोला काम देत नाहीत. आधी खुर्ची देतात, मग चहा देतात, मग "जय हिंद वहिनी" म्हणतात, आणि शेवटी "तुम्हाला काय गरज आहे हो कामाची" असं म्हणून दारापर्यंत सोडायला येतात. नगरला राहायला आले आणि महिनाभरात मला एवढा आदर मिळाला की त्याचं काय करावं ते कळेना. मला आदर नको होता. मला कॅमेऱ्याचं काम पाहिजे होतं.

त्याआधी मी केजला ऊसतोड बायांच्या संघटनेत होते. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहायचे. कोण लुटतंय, कुणाला लुटतंय आणि सोमवारी कुठं जमायचं, एवढं एका पानात बसवायचं आणि वाचणाऱ्याचा चहा गार व्हायच्या आत संपवायचं, हे माझं शिक्षण. पुढं पत्रकं कुणी वाचेना, सगळे मोबाईलात बघायला लागले, तेव्हा संघटनेनं एक जुना कॅमेरा घेतला आणि तो माझ्या गळ्यात पडला. तहसीलसमोरचे मोर्चे, कारखान्याच्या वाटेवर रुतलेला ट्रॅक्टर, पाचटाच्या कोपीच्या दारात लेकरू पाजणारी बाई, हे मी काढायचे, जोडायचे, त्यावर माझा आवाज टाकायचे. शिकवायला कुणी नव्हतं. शूटिंग बिघडलं की बायाच सांगायच्या, "आगं, माझं निम्मंच डोकं आलंय की." तेवढ्यावर शिकले.

नवरा शेजारच्या गावचा, फौजेत. लग्नाआधी मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की मी घोषणा देते, पोलीस मला ओळखतात, पुन्हा तक्रार चालणार नाही. तो म्हणाला, "आमच्याकडं बी देतेत घोषणा. फकस्त समदे एका सुरात देतेत." त्याची बदली नगरला झाली, राहायला क्वार्टर मिळालं, आणि मी संघटनेच्या बायांचा निरोप घेऊन जामखेडमार्गे एसटीनं नगरला उतरले. कॅमेरा संघटनेनंच दिला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "ने. हितं तुझ्याबिगर कुणाला चालू करता येत न्हाई."

नगरच्या ज्या अंगाला आम्ही राहतो तिथं रस्त्याच्या कडेनं लांबच लांब भिंत आहे. भिंतीच्या आत झाडं, झाडांच्या आत फौज. भिंतीवर जागोजागी लिहिलंय की फोटो काढायला सक्त मनाई आहे. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "कॅमेरा पिशवीतनं भाहेर काढायचा न्हाई. धरलं तर मी वळखत न्हाई म्हणून सांगीन."

"आणि मी सांगीन की हा माणूस माझी चपाती खातो."

"सांग. चपाती बी तपासतेल."

गंमत बघा. भिंतीच्या आतलं काहीच काढता येत नाही, आणि भिंतीच्या बाहेरचं व्हिडिओचं निम्मं काम फौजेवरच चालतं. भरतीच्या अकॅडम्या, फौजींची लग्नं, रिटायर झालेल्यांच्या मिरवणुका. शहरात स्टुडिओ कमी नाहीत. मी एकेक पायरी चढले. पहिल्या ठिकाणी मालकानं विचारलं, "मिस्टर कुठं असतात?" सांगितलं. "मग बदली कधी?" म्हटलं, ते सरकारला विचारा. तो म्हणाला, "तेच ना. तुम्ही शिकणार आणि जाणार." मी म्हटलं, शिकून आलेय. आणि तुमच्याकडची पोरं समोरच्या स्टुडिओत गेली, ती काय सत्यनारायण घालून गेली का? त्यानं चहा मागवलेला होता, तो आल्यावर मी प्यायले नाही.

दुसरीकडं एका भरती अकॅडमीला रील करून पाहिजे होते. मैदानात पोरं चिखलातून पळत होती. बोलले तर आमच्याकडचीच निघाली, कोणी धारूरचं, कोणी पाटोद्याचं. संचालकांनी माझं काम मोबाईलवर बघितलं आणि खुश झाले. मग म्हणाले, "मॅडम, शेवटी रडणारी आई पाहिजे." मी विचारलं, कुणाची आई? "कुणाचीही. आई ती आईच." मी म्हटलं, ज्या पोराची निवड झाली नाही त्याची आई रडते ती घेऊ का? ती खरी रडते. मॅडमचं काम तिथंच संपलं.

घरी आले की नवरा विचारायचा, "आज कुणाशी भांडलीस?" मी म्हणायचे, कुणाशी नाही, फक्त उत्तर दिलं. पण आतून मला कळत होतं की असंच चाललं तर मी क्वार्टरच्या गॅलरीत मिरच्या वाळवत बसणार आणि कॅमेऱ्याला बुरशी चढणार. बाया मला विचारणार, काय करतीस गं तिकडं? आणि मी सांगणार, फौजीण झाले. त्या शब्दाची मला शिसारी आहे. लग्नाच्या नवऱ्याची नोकरी ही माझी जात नाही.

मग भिंगारच्या वाटेवरच्या एका जुन्या स्टुडिओत गेले. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या वडलांनी फौजींच्या ओळखपत्रांचे फोटो काढण्यात हयात घालवलेली, भिंतीवर कडक कॉलरची सगळी ती तोंडं. चाचांनी मिस्टर विचारले नाहीत. "क्या आता है?" एवढंच विचारलं. मी मोर्चाचा व्हिडिओ लावला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला.

"बेटा, हात नाही हलत तुझा."

"खड्ड्यातनं उलटं चालायची सवय आहे, चाचा."

"रिटायरमेंटच्या मिरवणुकी काढतो आपण. सेवापूर्ती सोहळा. लई ऑर्डरी असतात. आता एक आहे, लिंबागणेशच्या जवळ एक गाव आहे तिथली. तुझाच मुलूख. हवालदार रिटायर झालाय. माझे गुडघे चालत नाहीत आता. ही एक काढून आण. चांगली झाली तर उद्यापासून हा कॅमेरा तुझा आणि ही खुर्ची पण तुझी. बिघडली तर खुदा हाफिज."

आणि त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं की काय चुकवायचं नाही. गाडीतून उतरताना बूट. वेशीवर आईला सॅल्यूट, मग टोपी काढून आईच्या पायावर. बायको ओवाळताना. झेंडा. "ये हो गया, तो सब हो गया. बाकी गर्दी ड्रोनवाला काढेल."

मी हो म्हटलं. कळलंही सगळं. तरी जे व्हायचं ते झालं.

आपल्याकडं हा सोहळा कसा असतो ते वेगळं सांगायला नको. गावानं रस्ते झाडले होते, दारोदार रांगोळ्या होत्या, शाळेची पोरं दुतर्फा उभी. उघडी जीप, बॉनेटवर झेंडूच्या माळांचा ढीग, पुढं डीजे असा की छातीतलं पाणी हलावं. जीपमध्ये हवालदार गणवेशात उभे, शेजारी त्यांची बायको नव्या पैठणीत, डोळ्यावर कुणीतरी चढवलेला काळा गॉगल, आणि तो नाकावरून सारखा घसरतोय. ती एका हातानं जीपचा गज धरून आणि दुसऱ्या हातानं गॉगल सावरत चालली होती.

मी जीपच्या पुढं उलटी चालत होते. गाडीतून उतरतानाचे बूट आधीच मिळाले होते. छान मिळाले. मग मिरवणूक वळली आणि माझ्या अंगातला मोर्चा जागा झाला.

हे जरा सांगितलं पाहिजे. मोर्चात आमचा एक नियम होता. पुढाऱ्याला काढण्यात वेळ घालवायचा नाही, त्याला प्रत्येकजण काढतो. आधी शेपूट काढायचं. मागची रांग. कारण दुसऱ्या दिवशी साहेब म्हणतात, "पन्नास-साठ बाया होत्या." मग त्यांच्या टेबलावर मागची रांग ठेवायची आणि म्हणायचं, मोजा. ज्या बाया लांबून चालत येतात, ज्यांच्या कडेवर लेकरू असतं, ज्या दमून मागं पडतात, त्यांना पहिल्यांदा पुसून टाकतात. म्हणून माझे पाय आपोआप मागं जातात. डोक्याला विचारत नाहीत.

त्या दिवशीही गेले. मिरवणुकीच्या शेपटीला बाया होत्या, डोक्यावर पदर, पायात खेटरं, कुणाच्या हातात पाण्याची घागर, एक म्हातारी तर काठी टेकत डीजेच्या तालावर मान हलवत होती. मी त्यांच्यात घुसले आणि रमले. त्याच वेळेला पुढं, वेशीवर, हवालदारांनी आईला सॅल्यूट ठोकला, टोपी काढून तिच्या पायावर ठेवली, सगळं गाव गलबललं, आणि माझ्या कॅमेऱ्यात त्या घटकेला एक घागर आहे.

पळत पुढं गेले तोवर आई डोळे पुसत होती आणि टोपी परत डोक्यावर गेली होती. ओवाळणी आणि झेंडा तेवढा मिळाला.

मग मंडपात भाषणं झाली. सरपंच बोलले, माजी सरपंच बोलले, आजी-माजी सगळे बोलले. हवालदार दोन वाक्यं बोलले आणि बसले. बायकोला कुणी बोल म्हटलं नाही. ती स्टेजवर सत्काराच्या शालीखाली घामाघूम बसलेली. भाषणं संपली आणि मी माझ्या सवयीनं दुसरी चूक केली. कॅमेऱ्याचा माइक घेऊन तिच्यापुढं गेले आणि मोर्चात विचारते तसं विचारलं, "ताई, काय मागणं आहे तुमचं?"

सत्काराच्या मांडवात कुणी मागणं विचारतं का? तिनं गॉगल काढला.

"मागणं?"

"हां. काय असेल ते."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. ते खाली मांडवाच्या दारात पुढाऱ्यांना निरोप देण्यात गुंतले होते. मग ती माइककडं वळून म्हणाली, "यांनी बॉर्डर सांभाळली, खरं हाय. आमी न्हाई कुठं म्हणलं? पर मोटर जळली तर म्यां काढली. सासूबाईला बीडच्या दवाखान्यात म्यां नेलं. दोन लेकरांची शाळा, दिराची सोयरीक, समदं म्यां केलं, आन् फोनवर इचारलं की म्हणायची, समदं ठीक हाय, तुमी तिकडं काळजी करू नका. एवढं खोटं कुणी बोललं न्हाई ह्या गावात. मागणं कायबी न्हाई. एवढाले हार उरलेत त्या गाडीवर. एखादा मला बी घाला की. सुकून जायचेत उगं."

मागं बसलेल्या बायांत हसू फुटलं. ती काठीवाली म्हातारी उठली, जीपच्या बॉनेटवरून झेंडूची माळ ओढली आणि स्टेजवर चढून तिच्या गळ्यात टाकली. "घे गं माय, घे," म्हणाली, "आन् नीट बस. मुंडी खाली घालू नगंस." हे सगळं मी काढलं. हात हलला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत चाचांनी शूटिंग बघितलं. बूट आले तेव्हा "वाह" म्हणाले. मग घागर आली. मग बाया. मग अजून बाया. त्यांनी चष्मा काढला.

"सॅल्यूट कुठंय?"

"मी मागं होते."

"मागं काय होतं?"

"गाव."

"अरे बेटा, मिरवणूक थी, मोर्चा नहीं था!" ते टेबलावर हात आपटून ओरडले. "फौजी एकदाच रिटायर होतो. एकदाच! आणि तू घागर काढून आणलीस?"

मग शांत झाले. ते शांत झालेलं मला जास्त लागलं. म्हणाले, "ठीक आहे. फोन लाव त्यांना. रविवारी जाऊ. गणवेश घालायला सांग, आईला वेशीवर उभी कर, परत घेऊ. सगळे घेतात, आम्हीपण घेतलेत. आणि हे बायकोचं भाषण काढून टाक. फौजीच्या घरात तक्रार चांगली दिसत नाही."

"आणि काढलं नाही तर?"

"तर खुर्ची पण नाही."

मी म्हटलं, "सॅल्यूट चुकला, ती चूक माझी. मी स्वतः गावाला जाऊन त्यांच्या तोंडावर सांगीन. पण खोटा सॅल्यूट मी काढणार नाही. आणि ती बाई मी कापणार नाही. अख्ख्या सोहळ्यात एवढंच एक वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं."

"पत्रकवाली," चाचा म्हणाले. शिवी दिल्यासारखं म्हणाले.

घरी नवऱ्याला सांगितलं तर त्यानं डोक्याला हात लावला. "फौजीचा सॅल्यूट चुकवला? तू? माझी बायको?" मग मी त्याला तेवढा तुकडा लावून दाखवला, ती शालीखाली बसलेली, माइककडं वळून बोलणारी. त्यानं तुकडा पुन्हा मागं नेऊन लावला. म्हणाला, "तू बी मला फोनवर समदं ठीक हाय म्हणायचीस, केजात व्हतीस तवा. ठीक व्हतं का?"

"नव्हतं."

"मग कावून म्हणायचीस?"

"तुम्ही तिकडून काय करणार होतात?"

त्यानं मोबाईल खाली ठेवला. "युनिटात दाखवू नगंस बरं का हे. समद्यांच्या बायका माइक मागतेल." मी म्हटलं, मागू द्या.

मी एकटीच एसटीनं गेले, लॅपटॉप पिशवीत घालून. हवालदार ओसरीवर बसलेले. गणवेश नाही, बंडी आणि लुंगी, आणि तरी पाठ ताठ. बायको आतून चहा घेऊन आली. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. मी आधीच सांगून टाकलं की वेशीवरचा सॅल्यूट माझ्याकडं नाही.

"न्हाई म्हंजी?"

"म्हणजे नाही. मी मागं बायांना काढत होते."

"कावून?" त्यांचा आवाज मैदानावरचा होता. "मी काय बायांच्या मिरवणुकीसाठी नोकरी केली का?"

मी मागच्या रांगेचा नियम सांगितला. साहेब, पन्नास-साठ बाया, मोजा, सगळं. त्यांना पटलं नाही. मला वाटलंही नव्हतं पटेल. ते म्हणाले, "स्टुडिओवाल्याचा फोन आलता. परत घेऊ म्हणला. मी गणवेश इस्त्रीला टाकलाय."

तेव्हा त्यांची बायको कपबशी खाली ठेवत म्हणाली, "काय वं, दोनदा रिटायर व्हायचं हाय का? गावानं बघितलं की. पुन्यांदा मायच्या पाया पडायचं तर पडा, रोज पडा. कॅमेरा कशाला लागतो त्याला?"

सासूबाई हसल्या. हवालदार हसले नाहीत. मग तीच म्हणाली, "आन् समद्या पोरांच्या मोबाईलात हाय की तुमचा सॅल्यूट. गावात एकबी मोबाईल खिशात नव्हता तवा."

होता. दारोदार फिरून मी तो सॅल्यूट गोळा केला. उभा, हलणारा, एकात कुणाचा तरी अंगठा आलेला, एकात डीजेचा आवाज फाटलेला. पण खरा. टोपी पायावर ठेवताना त्यांचा हात थरथरला होता तोही त्यात होता. चाचांच्या स्वच्छ रविवारी तो थरथरला नसता.

मग मी लॅपटॉपवर त्यांच्या बायकोचं बोलणं लावलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. ती आत निघून गेली, चुलीपाशी उगाच भांडी वाजवायला लागली. त्यांनी ऐकलं. पुन्हा लावा म्हणाले. पुन्हा ऐकलं.

"मोटर कधी जळलती गं?" त्यांनी आत तोंड करून विचारलं.

"लई डाव जळली," आतून आवाज आला. "कोणची सांगू?"

त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग मला म्हणाले, "ठेवा हे. कापलंत तर पैसं न्हाई म्हणून सांगा त्यांना."

मी तसंच जोडलं. बूट, गावाची शेपटी, पोरांच्या मोबाईलातला थरथरता सॅल्यूट, ओवाळणी, झेंडा, आणि शेवटी ती आणि झेंडूची माळ. माझा आवाज कुठं टाकला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

चाचांनी बघितलं. सॅल्यूटच्या वेळी जीभ टाळूला लावून चक्‌ केलं, अंगठा आला तेव्हा डोळे मिटले. बायको बोलत होती तेव्हा त्यांचा हात टेबलावरच्या पुसायच्या फडक्याशी खेळत राहिला. संपल्यावर म्हणाले, "हे मी विकणार नाही असं."

"विकलं गेलंय. त्यांनी ठेवलं."

"एकानं ठेवलं. दुसरा ठेवणार नाही."

"दुसऱ्याला विचारून बघू."

"जिद्दी आहेस."

"काम पाहिजे, चाचा. पण माझं काम पाहिजे. तुम्हाला सॅल्यूट चुकायची भीती वाटते तर सॅल्यूटला तुम्ही उभे राहा. स्टुलावर बसून काढा, गुडघे दुखणार नाहीत. मागची रांग मी काढीन. आणि मिरवणूक संपायच्या आत त्या घरच्या बाईपुढं माइक धरीन. ही माझी अट."

"अट! नोकरी मी देतोय का तू?"

"तुम्ही देताय. मी घेऊ का नको ते सांगतेय."

ते भिंतीवरच्या कडक कॉलरवाल्या तोंडांकडं बघत राहिले. त्यांच्या वडलांनी काढलेली सगळी. त्यात एकही बाई नव्हती.

"और बेटा," ते म्हणाले, "बाई काही बोललीच नाही तर?"

"तर तेवढा वेळ तिचं गप्प तोंड दिसेल."

चाचांनी कपाट उघडलं, बॅटऱ्यांचा डबा काढून माझ्यापुढं सरकवला. "चार्जिंगला लाव सगळ्या. रविवारी माजलगावची ऑर्डर आहे. आणि माझ्यासाठी स्टूल घ्यायला विसरू नको."